डिसॅबिलिटी पेन्शनचा रिव्ह्यू: उपचाराला पाच स्टार, कागदाला दीड

आधी स्टार देऊन टाकतो म्हणजे घाईतले लोक मोकळे. फौजेतले उपचार पाच. मेडिकल बोर्ड तीन. रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे जवानांची कागदपत्रं सांभाळणारं ऑफिस, दीड, त्यातला अर्धा एका बाबूच्या चांगुलपणासाठी. अपील शून्य. ट्रिब्युनल चार. आता ज्यांना खरंच डिसॅबिलिटीची फाइल लावायचीय, किंवा ज्यांचा भाऊ, नवरा, मुलगा जखमी होऊन एमएचमध्ये, म्हणजे मिलिटरी हॉस्पिटलात, पडलाय, त्यांनी पुढचं वाचा. लांबलंय जरा, पण हे सगळं एका जागी सांगणारं कुणी मला तरी भेटलं नव्हतं.

मी इन्फन्ट्रीतला, हवालदार म्हणून बाहेर पडलो. पावसात घाटातल्या वळणावर कॉनव्हॉयमधली आमची गाडी घसरून खाली गेली आणि माझ्या उजव्या गुडघ्याखालचं हाड फुटलं, लिगामेंट गेलं. ऑपरेशन, प्लेट, स्क्रू, फिजिओ सगळं झालं. मग कॅटेगरी लागली, लो मेडिकल, म्हणजे हलक्याच कामाला लायक, आणि उरलेली नोकरी क्वार्टर मास्टरच्या स्टोअरमध्ये खाट-कांबळ्यांचा हिशोब करत काढली. शेवटच्या काही वर्षांत कंबर पण धरायला लागली. टर्म पूर्ण करून पेन्शनवर आलो, म्हणजे मला बोर्डानं मधेच घरी पाठवलं नाही, हा फरक लक्षात ठेवा, पुढं लागेल.

सगळ्यात महत्त्वाचं आत्ताच सांगतो. लोकांना वाटतं डिसॅबिलिटी म्हणजे रिटायर होताना भरायचा एक फॉर्म. तसं नाहीये ते. ही केस ठरते जखम झाल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांत, तुम्ही भुलीत असा, शुद्धीत असा, तुमच्या पाठीमागं युनिटमध्ये कोण काय लिहितो त्यावर. अपघाती जखमेचा रिपोर्ट असतो, आयएएफवाय २००६ म्हणतात त्याला. साधा कागद असतो. कुठं, कधी, काय करताना लागलं, डॉक्टरच्या मते जखम किती गंभीर, आणि माणूस ड्युटीवर होता की नव्हता यावर सीओ साहेबांचं, म्हणजे युनिटच्या प्रमुखाचं, मत. जखम मोठी असेल तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे युनिटची चौकशी, पण बसते. मग पार्ट टू ऑर्डर निघते, म्हणजे जवानाच्या रेकॉर्डला नोंद लावणारा लेखी आदेश. यातलं एक जरी राहिलं ना, तर पंधरा वर्षांनी तुम्ही कितीही लंगडत जाऊन सांगा, टेबलाच्या पलीकडचा माणूस म्हणणार कागद दाखवा.

माझं नशीब की आमचे हेडक्लार्क सुभेदार साहेब आपल्याकडचेच आणि जुने जाणते. एमएचमध्ये भेटायला आले तेव्हा केळी नाही आणली, रिपोर्टची झेरॉक्स आणली. म्हणाले, "पोरा, युनिट हलेल, मी पण हलेन, हा कागद तेवढा हलू देऊ नकोस." साधी झेरॉक्स, वेळ १५३० लिहिलेली, खाली सीओ साहेबांची सही आणि गोल शिक्का, पण शिक्क्याचा डावा अर्धा झेरॉक्समध्ये उठलाच नव्हता. त्या न उठलेल्या अर्ध्या शिक्क्यानं पुढं काय काय केलं ते येतंच.

तर ज्यांचं माणूस आत्ता हॉस्पिटलात आहे त्यांनी डब्याची काळजी कमी करा, तिथं जेवण मिळतं. युनिटला फोन करा आणि विचारा इंजुरी रिपोर्ट झाला का, पार्ट टू निघाली का, कॉपी द्या. वहिनींना, काकूंना वाटतं साहेब लोकांना असं कसं विचारायचं. विचारायचं. आणि हो, सुट्टीवर घरी जाताना किंवा सुट्टी संपवून परत येताना रस्त्यात अपघात झाला तर तो पण ड्युटीतला धरला जातो, नेहमीच्या रस्त्यानं जात असाल तर. घरी आल्यावर शेतात ट्रॅक्टरवरून पडलात तर मात्र अवघड आहे, तिथं सेवेशी संबंध दाखवायला लागतो आणि तो बहुतेक वेळा दाखवता येत नाही. तिकीट, लीव्ह सर्टिफिकेट फाडून टाकू नका एवढंच.

आता बोर्ड. रिटायर होताना होतो तो रिलीज मेडिकल बोर्ड, आणि मधेच अनफिट करून पाठवतात तो इन्व्हॅलिडिंग बोर्ड. फॉर्म दोन्हीला एकच, एएफएमएसएफ १६. माझ्या बोर्डात डॉक्टर लोक व्यवस्थित वागले, खोटं कशाला बोलू. एक मेजर मॅडम होत्या, त्यांनी गुडघ्याला ते प्लास्टिकचं कोन मोजायचं यंत्र लावून पाय किती वाकतो, किती सरळ होतो ते दोनदा मोजलं, मांडी घालून बसा म्हणाल्या, बसता येईना, ते पण लिहिलं. तीन स्टार का मग? कारण मोजणं एक आणि संबंध लावणं दुसरं. त्या फॉर्मवर प्रत्येक आजाराच्या पुढं खरा प्रश्न असतो की हे सेवेमुळं झालं का, सेवेमुळं वाढलं का, की दोन्ही नाही. गुडघ्याच्या पुढं सेवेमुळं झालं, ३० टक्के. कमरेच्या पुढं २० टक्के, पण दोन्ही नाही. कारण काय तर कंबर दुखायला लागली तेव्हा मी पीस स्टेशनला, म्हणजे सरहद्दीपासून लांब शांत ठिकाणी, होतो. अहो, पण त्याच्या आधीची कित्येक वर्षं पाठीवर पिट्टू आणि रायफल घेऊन डोंगर चढलो ते? आणि लंगडत चालून चालून कमरेवर भार येतो हे तर आमच्या गावचा हाडवैद्य पण सांगेल. असो.

दोन्ही मिळून ४०. तीस अधिक वीस पन्नास होत नाहीत इथं, एकत्र टक्केवारी काढायची त्यांची पद्धत वेगळी असते, त्यामुळं चूक झाली म्हणून लगेच भांडू नका. बोर्डासमोर जाताना मात्र जे जे दुखतंय ते सगळं सांगा, कान, डोळे, बीपी, झोप, सगळं. आपल्या लोकांना बोर्डासमोर "सब ठीक है साब" म्हणायची सवय असते, तेवढी एक दिवस घरी ठेवून जा. प्रोसीडिंगची कॉपी मागून घ्या. नाही मिळाली तर माहिती अधिकारात दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून मागवा, येते.

पैशाचा हिशोब थोडक्यात, कारण यावर चहाच्या टपरीवर फार गप्पा चालतात. साधी पेन्शन वेगळी आणि डिसॅबिलिटी एलिमेंट वेगळा, दोन्ही एकत्र मिळतात. १०० टक्के अपंगत्व असेल तर शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, आणि त्याखाली त्या प्रमाणात. समजा शेवटचा धरायचा पगार ५०,००० असेल तर १०० टक्क्यांना १५,०००, ५० टक्क्यांना ७,५००, ३० टक्क्यांना ४,५००. वर महागाई. टर्म पूर्ण करून आलेल्याला २० टक्क्यांच्या खाली काही नाही, १५ ते १९ वाले बिचारे रिकाम्या हातानं येतात. शत्रूच्या कारवाईत किंवा ऑपरेशनमध्ये लागलं असेल तर ती वॉर इंजुरी, तिथं १०० टक्क्यांना ३० च्या जागी ६० टक्के. म्हणून कोणत्या कॅटेगरीत टाकलंय ते बघत जा. ए ते ई अशा पाच आहेत. ए म्हणजे सेवेशी संबंध नाही, बी म्हणजे सेवेमुळं झालेला किंवा वाढलेला आजार, सी म्हणजे ड्युटीवरचा अपघात, डी मध्ये अतिरेकी वगैरेंच्या हिंसेतलं येतं, आणि ई म्हणजे लढाई. माझं सी. त्याबद्दल तक्रार नाही.

मग राउंडिंग ऑफ. ५० च्या खालचं सगळं ५० धरायचं, ५० ते ७५ ला ७५, त्यावर १००. हे आधी फक्त बोर्डानं बाहेर काढलेल्यांना होतं. १० डिसेंबर २०१४ ला सुप्रीम कोर्टानं राम अवतारच्या केसमध्ये सांगितलं की टर्म पूर्ण करून आलेल्यांनाही ते मिळालं पाहिजे. सांगितलं, पण म्हणून ते आपोआप खात्यात आलं असं समजू नका.

रेकॉर्ड ऑफिस. कुठलं ते लिहीत नाही, सगळीकडं तसंच असेल असंही म्हणत नाही. माझी फाइल गेली आणि उत्तर आलं की इंजुरी रिपोर्टवरचा शिक्का वाचता येत नाही, मूळ प्रत पाठवा. मूळ प्रत युनिटकडं. युनिट तोपर्यंत देशाच्या दुसऱ्या टोकाला. युनिटला लिहिलं तर ते म्हणाले जुनी कागदपत्रं रेकॉर्डकडं जमा केली. रेकॉर्ड म्हणतंय आमच्याकडं नाही. असं गोल गोल फिरत राहिलं, आणि या फिरण्यात माझा गुडघा चांगला का वाईट हा प्रश्न कुणाच्याच डोक्यात नव्हता, सगळे शिक्क्याच्या मागं. शेवटी तिथल्या एका सिव्हिलियन बाबूनं फोनवर सांगितलं की कोर्ट ऑफ इन्क्वायरीची पार्ट टू ऑर्डर कोणत्या नंबरची ते शोधा, ती आमच्या रजिस्टरला असणारच, तिच्यावरून मी काढतो. तो नंबर माझ्याकडच्या त्याच झेरॉक्सच्या मागं पेन्सिलीनं लिहिलेला होता, सुभेदार साहेबांच्या अक्षरात. काढला त्यानं. त्या बाबूचं नाव मला आजही माहीत नाही, एक्स्टेन्शनवरून लागलेला फोन होता तो. अर्धा स्टार त्याचा.

गुडघ्याचे ३० टक्के मंजूर झाले. कमरेचे नाही, राउंडिंग पण नाही.

आता पेन्शन स्पर्शवर आलीय सगळ्यांची, प्रयागराजच्या पीसीडीएचं, म्हणजे फौजेची पेन्शन बघणाऱ्या हिशोब खात्याचं, ते पोर्टल, बँकेचा मधला टप्पा गेला आणि पैसे थेट खात्यात येतात. माझ्यापुरतं मला ते बरं वाटतं कारण पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, स्क्रीनवर दिसतो आणि त्यात डिसॅबिलिटीची ओळ वेगळी वाचता येते, पूर्वी बँकेतल्या माणसाला विचारायला लागायचं आणि त्याला पण कळायचं नाही. एक काम करा, लॉगिन करून नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, बायकोचं नाव हे आधारशी जुळतं का ते बघा. आपल्यात बायकोचं माहेरचं नाव, सासरचं नाव, पाळण्यातलं नाव असा घोळ असतोच, तो आपण असतानाच निस्तरायचा, नंतर तिला एकटीला हेलपाटे पडतात. वर्षातून एकदा हयातीचा दाखला विसरू नका, नाहीतर पेन्शन थांबते. ज्यांना कम्प्युटरचं जमत नाही त्यांनी सीएससी सेंटरवर जावं किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. तिथले कल्याण संघटक स्वतः माजी सैनिक असतात, त्यामुळं भाषा जुळते, हे फार मोठं आहे. आमच्या जिल्ह्यातले तर फॉर्म भरता भरता विचारतात की कोणत्या पलटणीतले, मग अर्धा तास त्यातच जातो, पण काम होतं.

कमरेसाठी पहिलं अपील केलं. नकार आल्यापासून सहा महिन्यांत करायचं असतं. उत्तर आलं ते वाचून हसू आलं कारण बोर्डाचंच वाक्य उचलून चिकटवलेलं, खाली सही. दुसरं अपील, तेच वाक्य. आता शून्य स्टार का ते सांगतो. सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये धरमवीर सिंगच्या केसमध्ये सरळ सांगितलंय की भरती होताना माणूस धडधाकट होता आणि तेव्हाच्या मेडिकलमध्ये आजाराची नोंद नाही, तर नंतर झालेलं सेवेमुळं झालं असं धरून चालायचं, आणि तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर, जवानावर नाही. म्हणजे भरतीच्या मैदानात मला छाती फुगवून, धावायला लावून, डोळे तपासून, दात मोजून घेतलं तुम्ही. तेव्हा कंबर बरी होती. मग बिघडली कुठं? या प्रश्नाचं उत्तर दोन्ही अपिलात एका ओळीत पण नव्हतं. मनोहर पर्रीकर संरक्षण मंत्री होते तेव्हा २०१५ मध्ये त्यांनी एक तज्ज्ञांची समिती नेमली होती, जवानांच्या विरोधातले असले खटले कमी कसे करायचे यावर, आणि डिसॅबिलिटीच्या केसेसमध्ये सरकारनं उगाच वरच्या कोर्टात ओढत बसू नये असंच त्या समितीचं म्हणणं होतं. गोव्याच्या त्या माणसाबद्दल माझ्या मनात आदर आहे तो यामुळं पण आहे.

मग आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल. २००७ चा कायदा, २००९ पासून चालू, आपल्यासाठी मुंबईला बेंच आहे. तिथं जायच्या आधी अपिलांचा रस्ता चालून यावा लागतो, म्हणून ती दोन शून्य स्टारवाली अपिलं टाळता येत नाहीत. ट्रिब्युनलचा अनुभव मात्र चांगला. समोर एक न्यायाधीश आणि एक फौजेतले मोठे अधिकारी असे दोघं बसतात, त्यामुळं पिट्टू म्हणजे काय आणि पिकेट म्हणजे काय हे समजावत बसायला लागत नाही. ट्रिब्युनलनं कमरेचे २० टक्के पण सेवेमुळं वाढलेले धरले, एकत्र ४०, आणि राउंडिंग करून ५०. एक स्टार कापला तो वेळेचा. तारखा पडतात, आणि ऑर्डर हातात आल्यावर पण ती अमलात यायला पुन्हा पत्रापत्री.

वकिलांबद्दल एक सावधगिरी. पेन्शनर लोकांच्या गावात एजंट फिरतात, डिसॅबिलिटी काढून देतो, एरियर्समधला तिसरा हिस्सा आमचा. वकिलानं निकालावर टक्का ठरवणं बार कौन्सिलच्या नियमातच बसत नाही, त्यामुळं असं बोलणारा भेटला की चहा पाजा आणि वाटेला लावा. फी ठरवून घ्या, पावती घ्या. परवडत नसेल तर नाल्सानं, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं, जुलै २०२५ मध्ये वीर परिवार सहायता योजना काढलीय, सैनिक बोर्डांच्या ऑफिसमध्ये मोफत कायदेशीर मदत मिळावी म्हणून. आधी तिथं विचारा.

उपचाराचे पाच स्टार वर दिले पण त्यावर बोललोच नाही. माझा एक लंगोटीयार, त्याचा पाय सुरुंगावर गेला. त्याला पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरला नेलं, वानवडीला, १९४४ पासून चालू आहे ते. मी भेटायला गेलो तेव्हा तिथला टेक्निशियन गुडघ्याखालच्या उरलेल्या पायावर ओल्या प्लास्टरची पट्टी गुंडाळत होता, आणि दर वेढ्याला विचारत होता इथं दाब लागतो का, इथं? मित्र म्हणाला नाही. तो म्हणाला खरं सांगा, आत्ता नाही म्हणाल आणि मग सहा महिने जखम घेऊन फिराल. सॉकेट बसेपर्यंत दोनदा साचा मोडून परत केला त्यानं, कपाळाला आठी नाही. खडकीला पॅराप्लेजिक सेंटर आहे, मणक्याची जखम होऊन खाली सगळं गेलेल्या जवानांसाठी, १९७४ पासूनचं, तिथली व्हीलचेअर बास्केटबॉलची मॅच एकदा बघून या. खडकीलाच क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, जखमी जवानांना नवा धंदा शिकवणारं, १९१७ चं. म्हणजे शरीराची आणि पुढच्या पोटापाण्याची व्यवस्था आपल्या फौजेत शंभर वर्षांची आहे. घोडं अडतं ते टेबलावरच.

अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड वेगळं काढायला लागतं, सिव्हिल हॉस्पिटलमधून. बोर्डाची टक्केवारी आणि सिव्हिलची टक्केवारी जुळेलच असं नाही, त्यावरून डोकं फिरवून घेऊ नका, दोन्हीचे कामाचे रस्ते वेगळे आहेत. पेन्शनला बोर्डाचा कागद चालतो, बाकी सरकारी सवलतींना कार्ड.

आणि हे सगळं माझ्या वेळच्या नियमांचं आहे. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे एन्टायटलमेंट रूल्स आलेत, त्यात जखम होऊनही नोकरी पूर्ण करून येणाऱ्यांसाठी डिसॅबिलिटी एलिमेंटच्या जागी इम्पेअरमेंट रिलीफ आणलाय. त्यानंतर बाहेर पडणाऱ्यांनी माझा हिशोब जसाच्या तसा लावू नये, आपल्या तारखेचे नियम सैनिक कार्यालयात बसून वाचून घ्यावेत. अग्निवीरांना तर पेन्शनच नाही. सेवेमुळं आलेल्या अपंगत्वाला एकरकमी, १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ ला २५ आणि ५० ला १५ लाख. ५० टक्क्यांच्या अलीकडं पलीकडं असणं म्हणजे किती फरक ते बघा. माझा पुतण्या आहे अग्निवीर, त्याला गेल्या सुट्टीत एक प्लास्टिकची फाइल घेऊन दिलीय आणि सांगितलंय की साधा पाय मुरगळला तरी एमआय रूमच्या, म्हणजे युनिटच्या दवाखान्याच्या, रजिस्टरला नोंद करायची आणि फोटो काढून मला पाठवायचा. परवा त्यानं पहिला फोटो पाठवला, करंगळीला लागलेलं. शिक्का पूर्ण उठलाय का ते मी झूम करून बघितलं.